गिअरबॉक्सचे कान तुटतात : बीड सोडून एसजी आयर्न घ्यावं का?

अवजारवाली

नमस्कार मंडळी. निफाड भागात आमचा शेतीअवजारांचा छोटा कारखाना आहे. रोटाव्हेटरच्या गिअरबॉक्सची पेटी आम्ही बाहेरून ओतून घेतो, एफजी २६० मध्ये, म्हणजे साधं बीड. वजन ४० किलोच्या आसपास. ट्रॅक्टरच्या पीटीओचा (अवजाराला फिरती ताकद देणाऱ्या जोडाचा) शाफ्ट या पेटीत शिरतो आणि पेटी चार कानांवर (बाहेर आलेल्या चार पाकळ्यांवर) बोल्टने फ्रेमला बसते. मऊ जमिनीत काही होत नाही. खडकाळ रानात पातं दगडावर आपटलं की एखादा कान मुळातून उडतो आणि शेतकरी पेटी गाडीत घालून आमच्या दारात हजर.

फाउंड्रीवाले एसजी आयर्न (स्फेरॉइडल ग्रॅफाइट, म्हणजे गोळीदार ग्रॅफाइटचं बीड) सुचवतात. म्हणतात, "मॅडम, एसजीमध्ये करून देतो, प्रश्नच मिटला." किलोमागे दर मात्र बराच चढा सांगताहेत. तर माझ्या शंका अशा. पॅटर्न (वाळूत साचा उठवायचा नमुना) तोच चालेल का? ड्रॉइंगवर ग्रेड ५००/७ लिहू की ४५०/१०? लोखंड, कार्बन, सिलिकॉन सगळं तेच, मग दर कशाचा वाढतो? आणि माझे सासरे म्हणतात तसं सरळ १२ मिमीच्या प्लेटा कापून वेल्डिंगची पेटी केली तर? मी मेकॅनिकल डिप्लोमा केलाय, तेव्हा तांत्रिक भाषा चालेल.

भट्टीपाशी

कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत मेल्टिंग बघतो, म्हणजे हे माझ्या घरचंच कार्य. ताई, आधी एक काम करा. तुटलेले कान भंगारात पडले असतील तर काढून आणा आणि तुटलेली बाजू कशी दिसते ते इथे लिहा. रंग, गंज, पोकळी, जे दिसेल ते. तोवर तुमच्या दराच्या शंकेचं बघू, कारण पॅटर्न आणि ग्रेडची उत्तरं त्यातच आहेत.

साध्या बिडात सव्वातीन टक्क्यांच्या आसपास कार्बन असतो आणि धातू गोठताना त्यातला बराचसा ग्रॅफाइट होऊन वेगळा पडतो, वेड्यावाकड्या पापुद्र्यांच्या रूपात. ग्रॅफाइटला स्वतःची ताकद जवळजवळ नाही. पोस्टाच्या तिकिटांच्या पानावर टोचलेल्या रेघा असतात, तशा फाटायच्या रेघा धातूत आधीपासून तयारच. ताण आला की तो पापुद्र्याच्या टोकाशी एकवटतो आणि बीड न वाकता एकदम तुटतं. एसजीमध्ये तोच ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात येतो. गोळ्याला टोक नसतं आणि मधला धातू सलग राहतो. म्हणून एफजी २६० ची ताणताकद २६० मेगापास्कल आणि तुटेपर्यंत लांबी वाढते जेमतेम अर्धा टक्का. आयएस १८६५ मधल्या एसजी ४५०/१० ला किमान ४५० मेगापास्कल आणि १० टक्के वाढ द्यावीच लागते. ग्रेडच्या नावातला पहिला आकडा ताकदीचा, दुसरा वाढीचा.

पापुद्र्यांचे गोळे होतात मॅग्नेशियममुळे. अमेरिकेत इंटरनॅशनल निकेल कंपनीच्या प्रयोगशाळेत कीथ मिलिसने १९४३ मध्ये हे पाहिलं. महायुद्धात क्रोमियमची टंचाई होती, त्याला पर्याय शोधताना मॅग्नेशियम टाकून बघितलं आणि हे हाती लागलं. इंग्लंडमध्ये हेन्टन मॉरो सिरियम वापरून त्याच ठिकाणी पोचला होता. १९४८ च्या मे महिन्यात फिलाडेल्फियाच्या फाउंड्री अधिवेशनात मॉरोचा निबंध झाला आणि त्यावरच्या चर्चेत निकेलवाल्यांनी उठून आपलं मॅग्नेशियम जाहीर केलं. पेटंट १९४९ चं. धंदा वाढला तो मॅग्नेशियमवर, कारण ते स्वस्त.

पंचाईत अशी की मॅग्नेशियम १०९० अंशांना उकळतं आणि आमचं लोखंड असतं १४५० ते १५०० वर. नुसतं मॅग्नेशियम टाकलं तर लॅडलमध्ये (वितळलेलं लोखंड न्यायच्या बादलीत) काही राहायचं नाही. म्हणून ५ ते ७ टक्के मॅग्नेशियमवालं फेरोसिलिकॉन वापरतात. आमच्याकडे सँडविच पद्धत आहे. उंच, अरुंद लॅडल, तळाला एका बाजूला खळगा. खळग्यात हे खडे मोजून टाकायचे, वरून स्टीलच्या पंचिंगचा (पत्र्याला भोकं पाडताना निघालेल्या तुकड्यांचा) जाड थर द्यायचा, आणि भट्टी ओतताना धार खळग्यावर न पाडता समोरच्या बाजूला पाडायची. दोन-चार सेकंद काहीच होत नाही. मग पंचिंग वितळतं आणि लॅडलच्या तोंडातून पांढरा, डोळ्यांना न सोसणारा उजेड आणि मागोमाग पांढरा धूर. नवीन पोरगं दोन पावलं मागे सरकतंच. अर्ध्या-पाऊण मिनिटात उकळी बसते. उजेड फार लवकर आणि फार मोठा झाला तर समजायचं, पंचिंगचा थर नीट बसला नव्हता, मॅग्नेशियम हवेत गेलं.

यापुढे घड्याळ आमचं शत्रू. स्लॅग (वरची मळी) काढा, गोळे नीट धरावेत म्हणून इनॉक्युलंट टाका (७५ टक्क्यांचं फेरोसिलिकॉन, थोडं बेरियम किंवा कॅल्शियम असलेलं), आणि साधारण दहा मिनिटांत मोल्ड (वाळूचे साचे) भरून मोकळे व्हा. मॅग्नेशियम सतत उडत असतं. शेवटच्या मोल्डला ओतायला उशीर झाला तर त्याच लॅडलची पहिली पेटी एसजी आणि शेवटची पेटी धड एसजी नाही, धड बीड नाही. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात.

दरात आणखी काय काय येतं ते सांगतो. गंधक ०.०२ टक्क्यांच्या खाली लागतो, नाहीतर मॅग्नेशियम आधी गंधकालाच जाऊन चिकटतं. कोकवर चालणाऱ्या क्युपोला भट्टीच्या लोखंडात त्याच्या कितीतरी पट गंधक येतो, म्हणून इंडक्शन भट्टी, म्हणजे वीज. भंगार निवडून घ्यावं लागतं. शिसं, टिटॅनियम, अँटिमनी किंचित जरी आलं तरी गोळे बिघडतात. रायझर (गोठताना कास्टिंगला धातू पुरवणारे जादा खांब) मोठे लागतात, म्हणजे ओतलेल्या धातूतला बराच भाग परत भट्टीत. आणि फेटलिंग, म्हणजे ओतलेला माल साफ करणं! बिडाचा रायझर हातोडीच्या फटक्यात उडतो. एसजीचा वाकतो, पण उडत नाही. तो कापावा लागतो.

खरेदीखाते

वरची माहिती उत्तम. आता टेबलाच्या या बाजूने. मी चाकणला कास्टिंग खरेदीत आहे. एसजीचा रिपोर्ट नेहमी सुंदर असतो. ताकद ४८०, वाढ १४ टक्के, नोड्युलॅरिटी (ग्रॅफाइटचा किती भाग गोळ्यांत आला) ९० टक्के. माल मात्र त्या रिपोर्टसारखा असतोच असं नाही, आणि यात कुणी खोटं बोललेलं नसतं. चाचणीचा तुकडा वेगळा ओतलेल्या ब्लॉकमधून कापतात. तो ब्लॉक लॅडलच्या सुरुवातीला ओतला, शांतपणे गोठला. तुमची पेटी ओतली गेली शेवटी, तिची भिंत ८ मिमी आणि कानाशी ३०. दोन्हीकडे धातू वेगळ्या वेगाने गोठतो. पातळ भिंतीत कार्बाइड (कडक, ठिसूळ कण) होऊ शकतं, जाड ठिकाणी गोळे मोठे आणि संख्येने कमी. तेव्हा ड्रॉइंगवर चाचणी कुठून घ्यायची ते लिहा. नाही लिहिलंत तर पुरवठादार त्याला सोयीचं तिथून घेणार, आणि नियमाने त्याला तसा हक्क आहे.

भट्टीपाशी

खरेदीखाते साहेब, बरोबर. चांगल्या फाउंड्रीत शेवटच्या मोल्डबरोबर एक छोटी चकती ओततात, ती थंड करून घासून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि मगच ते लॅडल पास होतं. पण किलोमागे दोन-दोन रुपये घासून घेतले की पहिली काट या चकतीलाच लागते, हेही तुमच्या टेबलावर लिहून ठेवा. :)

लेथवाला_उद्यमनगर

आम्ही दोन्ही माल मशिनिंग करतो. फरक पहिल्या कटलाच कळतो. बिडाची बर (कापताना निघणारा कीस) भुकटी होऊन पडते, एसजीची वेटोळी निघते. ग्रॅफाइटमुळं टूल बरं चालतं, स्टीलपेक्षा आरामात. पण ५००/७ आणि ६००/३ च्या मालात पर्लाइट (लोखंडातला कडक भाग) जादा, इन्सर्ट (टूलचं बदलतं टोक) लवकर बसतो. ४५०/१० मऊ हाय. खरा त्रास हार्ड स्पॉटचा. कडेला कुठंतरी कार्बाइड असतं, टॅप (आटे पाडायचं हत्यार) तिथं गेला की कट्ट करून मोडतो आणि मोडका टॅप काढण्यात दुपार जाती.

एक सोपी तपासणी सांगतो. पेटी साखळीला टांगायची आणि हातोडी हलकी मारायची. एसजी खणखणीत वाजतं आणि आवाज टिकतो. बीड बद्द वाजून गप्प. अल्ट्रासोनिकवाले हेच मशिननं बघतात. एसजीत ध्वनी सेकंदाला साडेपाच हजार मीटरच्या वर जातो, बिडात बराच कमी. पण हातोडीला पैसे पडत नाहीत.

ताई, अजून एक विचारायचं हाय. कानाची खालची बाजू, जी फ्रेमला टेकते, ती मशिनिंग करता का कच्चीच ठेवता?

अवजारवाली

सगळ्यांचे आभार. भंगारातून तीन कान मिळाले. दोन कानांवर एका कोपऱ्यात अंगठ्याएवढा भाग तपकिरी, गंजलेला आहे आणि बाकी सगळा ताजा करडा. कोपरा म्हणजे कान पेटीला जिथे मिळतो तोच. तिसऱ्यात गंज नाही, पण बोल्टच्या भोकामागे जाड भागात मधोमध खडबडीत, जाळीदार पोकळी आहे, हरभऱ्याएवढी.

लेथवाले दादा, कानाची खालची बाजू कच्चीच असते. फक्त भोक पाडतो. का हो?

लेथवाला_उद्यमनगर

मग अर्धं उत्तर तिथंच हाय. कच्चा कान फ्रेमला सपाट टेकत नाही. मागं फट ऱ्हाती. पोरगं एअर गनने बोल्ट आवळतंय, कान फ्रेमकडं ओढला जातो. म्हणजे दगड लागायच्या आधीच कानात ताण भरलेला. बिडाला वाकायची सवय नाही. खालून फेस करा (मशिननं सपाट करा), बोल्टच्या डोक्याखाली स्पॉट फेस करा (तेवढी जागा सपाट करा).

भट्टीपाशी

सहमत. आता तुकड्यांबद्दल. पहिल्या दोन कानांत भेग जुनी होती, म्हणून त्या कोपऱ्यात गंज धरला. तिथून ती हळूहळू वाढली आणि दगड हे शेवटचं निमित्त. कोपऱ्यातली त्रिज्या ड्रॉइंगवर किती आहे? २-३ मिमी असेल तर ८ तरी करा, जागा असेल तर १०. तिसऱ्या कानातली जाळी म्हणजे श्रिंकेज. पातळ भिंत आणि जाड कान जिथे मिळतात तिथला धातू सगळ्यात शेवटी गोठतो आणि त्याला भरून काढायला द्रव उरत नाही.

आता पॅटर्नचा तुमचा प्रश्न नीट लागेल. तोच पॅटर्न, तीच गेटिंग (साच्यात धातू नेणाऱ्या वाटा) ठेवून नुसता धातू बदलला तर तिसऱ्या कानातलं दुखणं एसजीत वाढेल. बीड गोठताना बाहेरून घट्ट कवच धरतं आणि आत ग्रॅफाइट फुगून आकुंचन भरून काढतं. एसजीही फुगतं, पण ते सगळीकडून एकदम खिमटासारखं गोठतं, आणि तो फुगवटा मोल्डच्या भिंतीवर जातो. मोल्ड ढिला असेल तर भिंत सरकते, पेटी मोठी होते आणि मधे पोकळी राहते. म्हणून वाळू घट्ट ठोकलेली हवी, कानावर रायझर नाहीतर निदान चिल (उष्णता पटकन ओढणारा लोखंडी तुकडा) हवा, कार्बन-सिलिकॉनचा हिशोब (कार्बन अधिक सिलिकॉनचा तिसरा भाग) ४.३ ते ४.५ च्या दरम्यान धरायचा. पॅटर्नचं मुख्य अंग तेच राहू शकेल, पण आकुंचनाची सूट दोन्ही धातूंना वेगळी, म्हणून बोअरची जागा आणि मशिनिंगचा माल तपासून घ्या. फाउंड्रीवाल्यांना विचारा, "रायझर कुठे देणार?" याचं उत्तर न देता नुसतं "मिटला प्रश्न" म्हणत असतील तर दुसरीकडे विचारा.

ग्रेड माझ्या मते ४५०/१०. तुमच्या पेटीला धक्का खाऊन न तुटणं हवंय, ताकदीचा प्रश्न नाही. यील्ड (कायमचं वाकायला लागतं तो ताण) ४५०/१० ला ३१० आणि ५००/७ ला ३२०. म्हणजे दहा मेगापास्कलसाठी तीन टक्के वाढ सोडायची, त्यात काही हशील नाही. मॅंगनीज ०.३ च्या खाली आणि फॉस्फरस ०.०५ च्या खाली मागा.

प्लेट_आणि_गॅस

अवजारवाल्या ताईंच्या सासऱ्यांच्या बाजूनं कुणीच बोलेना, म्हणून मी. फॅब्रिकेशनचा धंदा आहे माझा. महिन्याला मोजक्याच पेट्या लागत असतील तर प्लेटची पेटी वाईट नाही. पॅटर्नचा खर्च नाही, डिझाइन उद्या बदललं तर कागद बदलायचा. स्टीलचा कडकपणा २१० गिगापास्कल, एसजीचा १७० च्या आसपास, म्हणजे तितक्याच जाडीला प्लेट कमी वाकते. पण वेल्डिंगनंतर पेटी पिळते. स्ट्रेस रिलीव्ह करून (तापवून आतला ताण काढून) मगच बोअर करायचं, नाहीतर बेअरिंग सहा महिन्यांत ओरडायला लागतं. आणि गिअरचा आवाज प्लेटमध्ये घुमतो. बीड आवाज गिळतं, एसजी थोडा कमी गिळतं, स्टील अजिबात नाही. शंभराच्या पुढे नग गेले की कास्टिंगच परवडतं, हे मी माझ्या पोटावर पाय देऊन सांगतोय.

तुटलेले कान वेल्ड करून देणारे बरेच आहेत. निकेल-लोखंडाचा रॉड, पेटी आधी तापवून, नंतर राखेत हळू थंड. तरी वेल्डच्या शेजारची पट्टी काचेसारखी कडक होते. झाकण, पाय असं काही असेल तर ठीक. भार घेणाऱ्या कानाला नको. पुढच्या दगडाला तो वेल्डच्या कडेने जातो.

सुगरण_६२

मध्येच विचारते, रागावू नका. माझ्या बिडाच्या तव्याला पडून तडा गेला. या एसजीचा तवा मिळतो का? म्हणजे पडला तरी फुटायला नको.

भट्टीपाशी

काकू, रागवायचं काय त्यात, प्रश्न बरोबरच आहे. पडून फुटणार नाही हे खरं. पण तव्याला साधं बीडच सरस. त्यातले पापुद्रे एकमेकांना लागून असतात, उष्णता त्यांच्यातून पटकन पसरते. गोळे सुटे सुटे असतात, म्हणून एसजीची उष्णतावाहकता बिडाच्या दोन तृतीयांशांच्या आसपासच भरते. याच कारणाने गाड्यांचे ब्रेक ड्रम आणि डिस्क अजूनही साध्या बिडाच्या असतात. लेथचा बेडही बिडाचाच, कारण तो थरथर गिळतो. एसजी सगळ्यावर इलाज असतं तर आमच्या भागातल्या निम्म्या फाउंड्र्या बीड कशाला ओतत बसल्या असत्या?

पाणीखाते_निवृत्त

आमच्या खात्यात याला डीआय म्हणतात, डक्टाइल आयर्न. तुमच्या गिअरबॉक्सपेक्षा कितीतरी जास्त माल जमिनीखाली गेलेला आहे. जुन्या शहरांतले बिडाचे पाइप पाहिलेत का? दोन-अडीच बोटं जाड, शिशाचे सांधे. पाइप गंजून गेला म्हणून फार तक्रारी येत नसत; व्हर्सायच्या राजवाड्याला पाणी नेणारी १६६४ ची बिडाची लाइन तीन शतकांहून अधिक चालली. तक्रार यायची ती पाइप आडवा कट्ट तुटल्याची. वरून ट्रक गेले, एका बाजूची माती बसली, पाइपला वाकायला सांगितलं आणि त्याने नकार दिला.

डीआय पाइप फिरत्या साच्यात ओततात. पाण्याने थंड ठेवलेला स्टीलचा लांब नळकांडा साचा जोरात फिरतो आणि लोखंड आतल्या भिंतीवर पसरतं. साचा थंड असल्याने पाइप पांढरा, कडक निघतो, म्हणून मग भट्टीतून फिरवून मऊ करतात. त्यानंतर बाहेर जस्ताचा फवारा, त्यावर बिटुमेन, आत सिमेंटचं अस्तर. मानकाप्रमाणे ताकद किमान ४२० मेगापास्कल आणि वाढ १० टक्के. जाडीचा हिशोब सोपा आहे. के-९ या जाडीच्या वर्गात जाडी म्हणजे ९ गुणिले (०.५ अधिक व्यासाचा हजारावा भाग). ३०० मिमीच्या पाइपला ७.२ मिमी. के-७ घेतला तर ५.६. नवीन इंजिनिअर सरसकट के-९ लिहून मोकळे होतात. दाबाची गरज न बघता लिहिलेली ती जाडी पुढे लोकांच्या पाणीपट्टीत येते.

सांधा रबराच्या रिंगचा, ढकलून बसवायचा. दोन-तीन अंश वाकवून घेता येतो, त्यामुळे रस्त्याच्या वळणाला प्रत्येक वेळी बेंड लागत नाही. मात्र ढकलताना जेसीबीच्या बकेटने ढोसलं की आतलं सिमेंट तडकतं. साइटवर हे रोज होतं आणि रिपोर्टमध्ये कधीच येत नाही.

मॅनहोलच्या झाकणांचंही तेच. मुख्य रस्त्यावर डी-४०० वर्ग, म्हणजे ४० टनांची चाचणी. बिडाचं झाकण त्याला फार जड व्हायचं, डीआयचं एका माणसाला बिजागरीवर उघडता येतं. चोर मात्र दोन्ही नेतात.

उत्तर_समुद्र

डेन्मार्कहून लिहितोय, मूळचा सांगलीचा. पवनचक्क्यांच्या कंपनीत आहे. आमच्याकडे पात्यांना धरणारा हब हा एसजीचाच असतो, कित्येक टनांचा एक तुकडा, मोठ्या टर्बाइनला तर दहा टनांच्याही पुढचा. ग्रेड ईएन-जीजेएस-४००-१८-एलटी. शेवटचं एलटी महत्त्वाचं. थंडीत एसजी ठिसूळ होतं. सिलिकॉन आणि फॉस्फरस जितके जास्त तितकं लवकर. म्हणून उणे २० अंशांना शार्पी चाचणीत (धक्क्याने तोडून बघायच्या) सरासरी १२ ज्यूल मागतात, आणि ते द्यायचं तर सिलिकॉन २ टक्क्यांच्या आसपास आवळून धरावं लागतं, पर्लाइट जवळपास नको. तुमच्या निफाडला पारा किती उतरतो? द्राक्षाला धोका होईल इतका उतरला तरी पेटीला होणार नाही.

इतक्या जाड तुकड्यात वेगळंच दुखणं. मधला भाग तासन्‌तास द्रव राहतो आणि गोळ्यांऐवजी ग्रॅफाइटचा चुरा होतो, चंकी ग्रॅफाइट म्हणतात त्याला. वरच्या बाजूला ड्रॉस जमतो, मॅग्नेशियमच्या ऑक्साइडची साय. ती ज्या पृष्ठभागावर येईल तिथे थकव्याची भेग सुरू होते. म्हणून ओतताना कुठली बाजू वर हे डिझाइनवाल्यांनीही बघायचं असतं, आणि बहुतेक जण बघत नाहीत. ओतल्यावर हब कित्येक दिवस वाळूतच ठेवतात.

इथे आता जास्त सिलिकॉनचे ग्रेड चालतात, ५००-१४ आणि ६००-१०. पूर्ण फेराइट (लोखंडातला मऊ भाग), पण सिलिकॉन ३.८ ते ४.३ टक्के. कठीणपणा सगळीकडे सारखा असल्याने मशीनशॉप खूश. धक्क्याच्या, थंडीच्या जागी मात्र ते वापरत नाहीत. भट्टीपाशी, कोल्हापुरात होतात का हे?

भट्टीपाशी

निर्यातीच्या मालाला मागणी येते, त्या फाउंड्र्या करतात. ताईंना त्याची गरज नाही. रोटाव्हेटरला दगडच लागणार आहेत, तिथे सिलिकॉन कशाला वाढवायचं.

आमच्या पट्ट्याबद्दल थोडं सांगतो, कारण बाहेरच्यांना वाटतं इथे फक्त इंजिनांचे ब्लॉक होतात. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, इचलकरंजी धरून तीनशेच्या आसपास फाउंड्र्या. मुळात ऊस आणि पाणी यांनी ही इंडस्ट्री उभी केली, चरकाचे रोल आणि ऑइल इंजिनं. आता ट्रॅक्टर, ट्रकचे हब, ब्रॅकेट, डिफरन्शियलच्या पेट्या. वाळू घाट उतरून खाली कासार्ड्याहून येते, सिंधुदुर्गाची सिलिका. ती परत परत वापरून जळली की टाकायची कुठे हा मोठा प्रश्न, आणि वाळू शुद्ध करून परत घेणारा प्लँट लावायला छोट्या फाउंड्रीच्या खिशात पैसे नाहीत. विजेचं तर बोलायलाच नको. वितळलेल्या प्रत्येक टनामागे साडेपाचशे-सहाशे युनिट नुसती भट्टी खाते. चांगला एसजी म्हणजे त्यात आणखी चाचणीचा खर्च. तो दरात दिसला की ग्राहक दचकतो.

शेवटचं_सेमिस्टर

एडीआयचा (ऑस्टेम्पर्ड डक्टाइल आयर्न, म्हणजे उष्णता-प्रक्रिया केलेल्या एसजीचा) कुणी उल्लेख केला नाही? आमच्या सरांनी सांगितलं की स्टीलच्या फोर्जिंगला तो मात देतो.

भट्टीपाशी

काही ठिकाणी देतो. एसजीचंच कास्टिंग ९०० अंशांच्या आसपास तापवून २३० ते ४०० अंशांच्या मिठाच्या वितळलेल्या बाथमध्ये टाकायचं आणि तिथेच धरून ठेवायचं. ताकद ८०० पासून १४०० मेगापास्कलच्या पुढे जाते, झिजही कमी. जनरल मोटर्सने १९७७ मध्ये मागच्या अ‍ॅक्सलचे गिअर यात केले होते. घनता ७.१, स्टीलची ७.८५, म्हणजे वजनही वाचतं. पण मूळ कास्टिंग वाईट असेल तर बाथ त्याला चांगलं करत नाही. श्रिंकेज असलेला तुकडा एडीआय केला की महागडं श्रिंकेज मिळतं. नांगराच्या फाळासाठी, रोटाव्हेटरच्या पात्याच्या होल्डरसाठी विचार करा. पेटीला नको.

अवजारवाली

ठरवलं ते लिहिते. ग्रेड ४५०/१०. कोपऱ्याची त्रिज्या २.५ होती, ८ करतेय. कानाची खालची बाजू आणि बोल्टची जागा दोन्ही मशिनिंगला जातील, त्यासाठी कान खालून ४ मिमी जाड केला. सासऱ्यांना प्लेटची पेटी नमुन्यासाठी बनवू दिली आहे, घरात शांतता हवी. :) फाउंड्रीवाल्यांना रायझरबद्दल विचारलं, तर त्यांनी दुसऱ्या दिवशी खरंच स्केच पाठवलं, दोन कानांवर रायझर आणि दोनांवर चिल. हे बरोबर वाटतं का? आणि ड्रॉइंगवर चाचणीची ओळ नेमकी कशी लिहू?

भट्टीपाशी

स्केच पाठवलं म्हणजे माणसं कामाची आहेत, सोडू नका. चिलवाल्या कानांत मात्र बघा, चिल फार मोठा झाला तर कार्बाइड धरतं आणि तुमचा ड्रिल रडतो. ओळ अशी लिहा : "एसजी ४५०/१०, आयएस १८६५. नोड्युलॅरिटी किमान ८५ टक्के, प्रत्येक लॅडलच्या शेवटच्या मोल्डबरोबर ओतलेल्या नमुन्यावर. मशिनिंगच्या पृष्ठभागावर कठीणपणा १६० ते २१० ब्रिनेल. कानाच्या मुळाशी श्रिंकेज चालणार नाही." पहिल्या लॉटमधली एक पेटी चारही कानांतून कापून बघायची.

खरेदीखाते

आणि कापलेल्या पेटीचे पैसे कोण देणार ते पीओमध्येच (खरेदीच्या ऑर्डरमध्येच) लिहा. नंतर यावरूनच भांडण होतं.

लेथवाला_उद्यमनगर

कापायला आमच्याकडं पाठवा. बँडसॉ मंगळवारी रिकामा असतो.